मधला मुक्काम

मनुष्याने निष्ठा कोठे ठेवावी याविषयी आपल्या संतांनी आणि शास्त्रकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. परंतु विमान कंपनीवर निष्ठा ठेवावी की नाही, आणि ठेवावयाची तर कोणत्या, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नाही. तो आमच्या पिढीच्या वाट्याला आला. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांतून आज अशी घरे पुष्कळ आहेत, की ज्यांचे एक पाऊल हैदराबादेत आणि दुसरे सातासमुद्रांपलीकडे आहे. पूर्वी हळदीकुंकवाला जमलेल्या बायका सोन्याचा भाव विचारीत. आता 'तुमचे मैल कोणाकडे जमतात हो?' असेही विचारतात. या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ नुकतीच आमच्यावर आली. ते शोधताना जे ध्यानात आले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

प्रथम आमच्या गावाविषयी. हैदराबादकर मराठी माणसाची जुनी वाट म्हणजे मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी. नांदेड, परभणी, जालना अशी सोयऱ्याधायऱ्यांची गावे घेत ती जाई, आणि तिच्यात निष्ठेचा प्रश्नच नसे. गाडी एक, रूळ एक. विमानाची गोष्टही फार वेगळी नव्हती. निजामाचे सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी निघाली आणि तिचे ठाणे बेगमपेठेत होते. १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा जी आठ कंपन्यांची कुटुंबे एकत्र होऊन 'इंडियन एअरलाइन्स' झाली, त्यांत हेही एक होते. पुढे चार दशके देशांतर्गत प्रवासाला मुख्यतः एकच दार होते. जेथे दार एक, तेथे उंबरठ्याशी निष्ठा आहे काय, असे कोणी विचारीत नाही. ती मक्तेदारी १९९४ मध्ये कायद्याने संपली आणि मग दारे वाढली.

बेगमपेठेचा विमानतळ गावातच होता. पाहुण्यांना पोचवून घरी परतेपर्यंत चुलीवरचा चहा निवत नसे, असे जुने लोक थोड्या अतिशयोक्तीने म्हणत. २३ मार्च २००८ पासून विमाने शमशाबादहून सुटू लागली आणि विमानतळ गावाबाहेर गेला. आता मेहदीपट्टणमहून पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाचा साडेअकरा किलोमीटरांहून थोडा लांब उड्डाणमार्ग ओलांडून जावे लागते. त्या मार्गावरून जाताना आम्हांस दरवेळी आठवते, की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेणारे हेच नरसिंह राव. मराठी घरातील लेकीसुनेचे दुःख तेलुगू वाचकाच्या ओसरीवर नेऊन पोचविणाऱ्या गृहस्थाच्या नावाच्या रस्त्यावरून आज आपल्या लेकी परदेशी जातात, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. ज्यांच्याजवळ मोटार नाही त्यांच्यासाठी सरकारी 'पुष्पक' बस आहे. नाव रामायणातले, भाडे मात्र आजचे.

आता मूळ विषय. 'फ्रीक्वेंट फ्लायर' योजना म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्याचे खाते. आपण उडावे, कंपनीने आपल्या नावे मैल किंवा पॉइंट लिहावेत, आणि ते पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट द्यावे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि चढाओढ सुरू झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना काढली, काही दिवसांतच युनायटेडने काढली, आणि मग ती रीत जगभर पसरली. आरंभी हिशेब सरळ होता: जितके अंतर, तितके मैल. पुढे कंपन्यांना उमगले, की लांबचा प्रवास स्वस्तात करणाऱ्यापेक्षा जवळचा प्रवास महागात करणारा गिऱ्हाईक अधिक गोड असतो. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या तिकिटांवर मैल मोजण्याऐवजी डॉलर मोजण्यास सुरुवात केली. एअर इंडियानेही १ एप्रिल २०२४ पासून अंतर सोडून खर्चावर पॉइंट देणे आरंभिले. नाव मैलांचे राहिले, मोजणी पैशांची झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. हे मैल म्हणजे नाणे आहे, पण त्याची टांकसाळ कंपनीच्या हाती आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर जसे वचन असते, तसे येथे नसते. एका तिकिटाला किती मैल लागतील, हे कंपनी ठरविते आणि बदलतेही. शिवाय नाणे पाडणारी कंपनीच नाहीशी होऊ शकते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ती तेवढी तगली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' हे नवे नाव घेती झाली. विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट 'महाराजा क्लब' या योजनेत गेले. आमचेही थोडे पॉइंट असेच सासरी गेले. ते सुखरूप पोचले. पण नवे घर आपल्याला मानवेल की दुसरे पाहावे, हा विचार त्यावेळी प्रथम मनात आला.

दुसरे पाहावयाचे तर पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि याबाबतीत हैदराबाद भाग्यवान आहे. शमशाबादहून दुबईला एमिरेट्स, दोह्याला कतार एअरवेज, अबुधाबीला एतिहाद, लंडनला ब्रिटिश एअरवेज, सिंगापूरला सिंगापूर एअरलाइन्स अशा वाटा फुटल्या. लुफ्तान्साने जानेवारी २०२४ मध्ये फ्रँकफर्टची वाट जोडली आणि केएलएमने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमची. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादहून थेट शिकागोला विमान सोडले होते. ते टिकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. ते टिकले नाही. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या हैदराबादकराला कोठेतरी उतरावेच लागते. कोठे उतरावे, हाच खरा प्रश्न आहे. आणि कार्ड निवडणे म्हणजे वस्तुतः हा मधला मुक्काम निवडणे होय.

याचे कारण असे, की कंपन्यांनी आपापसांत गोत्रे बांधली आहेत. १९९७ मध्ये 'स्टार अलायन्स' झाले, १९९९ मध्ये 'वनवर्ल्ड', २००० मध्ये 'स्कायटीम'. एअर इंडिया, लुफ्तान्सा, सिंगापूर, थाई आणि अमेरिकेची युनायटेड ही पहिल्या गोत्रातली. ब्रिटिश एअरवेज, कतार आणि अमेरिकन ही दुसऱ्यातली. केएलएम आणि डेल्टा तिसऱ्यातली. एमिरेट्स आणि एतिहाद यांनी कोणतेच गोत्र घेतले नाही. सगोत्र कंपनीच्या विमानात बसले तरी मैल आपल्या खात्यात घालता येतात. म्हणजे विमान एकाचे आणि कार्ड दुसऱ्याचे, असे चालते. मात्र तिकीट फार स्वस्त वर्गाचे असेल तर दुसऱ्याच्या खात्यात थोडेच मैल पडतात, कधी मुळीच पडत नाहीत. गोत्रेही अढळ नाहीत. 'स्टार'च्या पाच संस्थापकांपैकी एक असलेली स्कँडिनेव्हियाची एसएएस ही कंपनी ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्यातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी 'स्कायटीम'मध्ये गेली.

मधल्या मुक्कामांपैकी दोन आम्ही उभयतांनी स्वतः पाहिले आहेत. २०१९ मध्ये लेकीच्या पदवीदान समारंभाला आम्ही दुबईमार्गे गेलो. तेथील तिसरी इमारत २००८ मध्ये एमिरेट्ससाठी उघडली. ती इतकी मोठी, की एका भागातून दुसऱ्यात जाण्यास आत गाडी धावते. परंतु तेथे परकेपणा वाटला नाही. पाटी वाचता आली नाही तर झाडू मारणाऱ्याला किंवा दुकानातल्या मुलाला हिंदीत विचारावे. तो बहुधा केरळचा, बिहारचा, नाहीतर लाहोरकडचा निघतो. आमच्या सौ.ने एकदा आपल्या नेहमीच्या दक्खनी बोलीत वाट विचारली, तर समोरचा इसम चक्क चंचलगुड्याचा निघाला आणि आम्हांस दारापर्यंत पोचवून गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टमार्गे गेलो. तेथे सर्व कसे नेमके, घड्याळाच्या काट्यावर. पण चालणे फार. सरकत्या पट्ट्यांच्या लांबच लांब वाटेने जाताना आजूबाजूला शेकडो माणसे होती आणि बोलावे असे कोणी दिसेना. सूचना जर्मनमध्ये, मग इंग्रजीत. आम्ही दोघे होतो म्हणून ते निभावले, नव्हे, आनंदाचेही झाले.

इतर मुक्कामांचे गुण आप्तांकडून कळले. दोह्याचा नवा विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. त्याच्या मध्यभागी दिव्याखाली बसलेले सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल आहे, आणि चुकामूक झाली तर 'अस्वलापाशी भेटू' असे ठरविता येते. अबुधाबीची सोय निराळी: अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी २०१४ पासून तेथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर पुन्हा रांगेत उभे राहावे लागत नाही. दिल्लीची तिसरी इमारत २०१० मध्ये उघडली; देशातले विमान सोडून परदेशचे धरणाऱ्याला तेथे हिंदीवर भागते, आणि मनुष्य दमला असला तरी आपल्याच देशात दमलेला असतो.

वाटांना धोकेही असतात. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि जगभरची विमाने खोळंबली. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या एअर इंडियाच्या प्रवाशांचे तास वाढले. आकाशाला कुंपण नसते असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. नकाशा पाहिला म्हणजे कळते, की असते.

आता आमच्या घरचा प्रसंग सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून निर्णयाचे कारण कळणार नाही. लेक न्यूजर्सीत असते. तिचे बाळंतपण मार्चअखेरीस आहे. तेव्हा दहावीच्या परीक्षा असतात आणि सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला त्या दिवसांत गाव सोडता येत नाही. म्हणून या खेपेस सौ. एकटीच जाणार. तिला मराठी, तेलुगू, हिंदी उत्तम येते. इंग्रजी वाचता येते, पण घाईत कोणी बोलले तर उमजत नाही. गुडघा दुखतो. आजवर ती विमानात एकटी बसलेली नाही.

धाकट्या चिरंजीवांनी कागदावर रकाने पाडले. कोणत्या कंपनीचे किती मैल पडतील, किती दिवस टिकतील, मोफत तिकिटावरही कर आणि अधिभार किती द्यावा लागेल, असे सर्व मांडले. त्या कोष्टकात युरोपची वाट वर आली. सौ.ने ते शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अरे, मैल मागाहून मोज. रात्री दोन वाजता माझं दार चुकलं, तर मी ज्याला विचारीन त्याला माझं बोलणं कळेल का, तो रकाना यात कुठे आहे?"

तो रकाना नव्हता. तो घातल्यावर कोष्टक आपोआप लहान झाले. दुबई आणि दिल्ली या दोनच वाटा उरल्या. दोन्हीकडे तिला विचारता येते, दोन्हीकडे सांगून ठेवले तर चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. येथवर निर्णय तिचा होता. येथून पुढे चिरंजीवांच्या गणिताला जागा होती, आणि ते गणितही चोख होते.

दुबईची योजना वाईट नाही. तीत घरातल्या मंडळींचे मैल एकत्र करता येतात. पण त्या मैलांना साधारण तीन वर्षांची मुदत आहे. आमच्यासारखे पगारी लोक दोन-तीन वर्षांनी एकदा जाणार. पहिल्या खेपेचे मैल दुसरी खेप होईतो वाळून जाणार. शिवाय लेक राहते तेथील नेवार्क विमानतळ हे युनायटेडचे मोठे ठाणे. जावई कामासाठी वरचेवर त्याच कंपनीने फिरतात. एअर इंडिया आणि युनायटेड सगोत्र. युनायटेडच्या मैलांना ऑगस्ट २०१९ पासून मुदत नाही, आणि २०२४ पासून पाच जणांपर्यंत माणसे आपले मैल एका रांजणात ओतू शकतात; नाते किंवा एक पत्ता असावाच लागतो असेही नाही. तेव्हा ठरले असे: सौ.ने एअर इंडियाने दिल्लीमार्गे जावे, मैल युनायटेडच्या खात्यात घालावेत, आणि लेक-जावई व आम्ही उभयता असा चौघांचा एक रांजण करावा. जे पॉइंट महाराजा क्लबात आहेत, ते मुदतीच्या आत मुंबईच्या एखाद्या फेरीत खर्चून टाकावेत.

यात तोटा आहे, तो लपविण्याचे कारण नाही. स्वस्त तिकिटावर सगोत्राच्या खात्यात मैल कमी पडतात. रांजणातले मैल त्याच कंपनीच्या विमानांवर वापरता येतात, इतरांच्या नाही. पाकिस्तानचे आकाश बंद असेतो दिल्लीची वाट लांबणार. परंतु ज्या वाटेने माणूस निर्धास्त जातो, ती वाट दोन तासांनी लांब असली तरी जवळची.

जे वाचक या विचारात असतील त्यांनी प्रथम मैलांचे कोष्टक मांडू नये. प्रथम पाहावे, की आपल्या गावाहून कोणत्या कंपनीची विमाने खरोखर सुटतात. नागपूर, इंदूर, बडोदे, बेळगाव येथील घरांना हैदराबादइतकी दारे नाहीत. त्यांनी मुंबईची किंवा दिल्लीची जोडणी धरूनच विचार करावा. नंतर पाहावे, की पलीकडे ज्यांच्याकडे जावयाचे ते कोणत्या कंपनीच्या गावात राहतात. मग प्रवास करणारा कोण, एकटा की सोबतीने, त्याची भाषा कोणती, पाय कसे. सर्व प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. म्हणजे पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्याची सोय करणे कंपनीवर येते आणि सामानही सहसा शेवटपर्यंत एकाच चिठ्ठीवर जाते. मधल्या देशाच्या पारगमन व्हिसाचे नियम बदलत असतात. ते तिकिटापूर्वी पाहावेत. इतके झाले, की उरलेल्या एकदोन कार्डांतून मुदत आणि मैल पाहून निवड करावी. आणि मैल साठले की वापरावेत. ते मुदत ठेवीसारखे व्याज देत नाहीत. उलट पडून पडून त्यांचे मोल घटते.

मघाचा रांजण आम्ही कशासाठी भरणार, तेही सांगतो. आम्ही वारंवार अमेरिकेला जावे म्हणून नव्हे. युनायटेड नेवार्कहून दिल्लीला सरळ विमान चालवीत आली आहे. पूर्वी लेकीला माहेरी आणावयाचे तर भाऊ मुराळी म्हणून जाई, बैलगाडी जुंपली जाई, वाटेसाठी दशम्या बांधल्या जात. आता मुराळ्याला व्हिसा लागतो. म्हणून चौघांनी थोडे थोडे मैल साठवावयाचे, आणि दोन-चार वर्षांनी, बाळ पायांनी चालू लागले, की त्यांतून त्याच्या आईचे तिकीट काढावयाचे. एखाद्या विमान कंपनीवर आमची निष्ठा नाही. ती उद्या विलीन होईल, परवा नाव बदलील. आमचा हिशेब माहेरपणाचा आहे, आणि त्यासाठी जी वाट उघडी राहील, ते आमचे कार्ड.